शाळेची किल्ली कोणाकडे?

१८३४ सालचा उन्हाळा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहरात डॅनियल पेन नावाचे २३ वर्षांचे एक काळे मास्तर सापाच्या शोधात होते. मुलांना प्राणिशास्त्र शिकवायचं तर नुसतं चित्र दाखवून भागत नाही, जनावर समोर पाहिजे, असं त्यांचं मत. लायोनेल केनेडी नावाच्या एका बड्या वकिलाच्या मळ्यावर मोकासिन जातीचा विषारी साप मिळणार होता, म्हणून त्यांनी शाळेतल्या काही मुलांना तिकडे धाडलं. मळ्यावर खुद्द केनेडी आणि त्यांचा मुलगा भेटले. कोणाची मुलं, कुठे शिकता, काय शिकता, अशी चौकशी सुरू झाली. मुलांनी बिचाऱ्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं. ते ऐकून केनेडींचा मुलगा बापाला जे म्हणाला त्याचा अर्थ असा, की हा पेन चार्ल्सटनमध्ये भयंकर उद्योग करतोय.

त्याच वर्षी १७ डिसेंबरला साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने कायदा केला. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणारा माणूस गोरा असेल तर १०० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. काळा पण स्वतंत्र माणूस असेल तर ५० डॉलरपर्यंत दंड आणि ५०पर्यंत फटके. काळ्या माणसाने गुलामांसाठी किंवा स्वतंत्र काळ्या मुलांसाठी शाळा चालवणं, हाही गुन्हा. आणि चुगली करणाऱ्याला दंडातला अर्धा वाटा बक्षीस. १ एप्रिल १८३५ पासून कायदा लागू होणार होता. ३१ मार्चला डॅनियल अलेक्झांडर पेन यांनी आपली शाळा बंद केली.

कायदा एका सापामुळे झाला नाही, हे उघड आहे. हे केनेडी १८२२ मध्ये डेन्मार्क व्हेसीच्या खटल्यात न्यायासनावर बसले होते. गुलामांच्या उठावाचा कट रचल्याच्या त्या आरोपात ३५ जणांना फासावर चढवलं गेलं होतं. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाचं बंड झालं. वाचता येणारा काळा माणूस आपल्या जिवावर उठेल, ही भीती मळेवाल्यांच्या मनात पक्की बसली होती. पण पेन यांनी पुढे आत्मचरित्रात मळ्यावरच्या त्या चौकशीपाठोपाठच कायद्याची हकीकत सांगितली आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. मुलं वाईट शिकत होती म्हणून शाळा गेली नाही. ती फार चांगली शिकत होती, हे शाळेची किल्ली ज्यांच्या हातात होती त्यांना कळलं, म्हणून गेली.

पेन पुढे मेथडिस्ट पंथाचे बिशप झाले, अमेरिकेत महाविद्यालयाचं अध्यक्षपद मिळवणारे पहिले काळे गृहस्थ ठरले. त्यांच्या आयुष्याकडे ‘अंधारातून प्रकाशाकडे’ अशा ठरीव साच्यातून बघण्यात मला रस नाही. मला त्यातून एकच प्रश्न वर काढायचा आहे. शिकायला मिळणं आणि शाळा आपल्या मालकीची असणं, या दोन गोष्टींत फरक आहे का? माझं म्हणणं असं, की फरक आहे आणि तो फार मोठा आहे. आपण शिष्यवृत्त्या, जागा, फीमाफी यांवर वर्षानुवर्षं भांडतो. शाळेच्या मालकीचा प्रश्न मात्र कोणी काढत नाही.

पेन यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८११चा. आईवडील स्वतंत्र होते, म्हणजे कोणाचे गुलाम नव्हते. दोघंही पेन लहान असतानाच गेले. अनाथ मुलाला अक्षरओळख झाली ती मायनर्स मॉरलिस्ट सोसायटीच्या शाळेत. ही संस्था १८०३ मध्ये चार्ल्सटनमधल्या स्वतंत्र काळ्या लोकांनीच काढली होती, अनाथ आणि गरीब मुलांना शिकवण्यासाठी. सभासदांनी सुरुवातीला प्रत्येकी पाच डॉलर घातले आणि मग दरमहा पंचवीस सेंट. दान असं मोठं कुठलं नाही. कारागिरांनी आपल्या मजुरीतून काढलेली वर्गणी ती. पेन यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं मूळ मला या पंचवीस सेंटांत दिसतं. आपल्या लोकांनी पैसे घालून आपली शाळा उभी करता येते, हे त्यांनी कोणाच्या भाषणातून ऐकलं नव्हतं. त्या शाळेच्या बाकावर ते स्वतः बसले होते.

त्यानंतर सुतारकामाची उमेदवारी, मग शिंपीकाम. रात्री उशिरापर्यंत वाचायचं आणि पहाटे चारला पुन्हा मेणबत्ती लावायची. पुस्तकांसाठी पैसे हवेत म्हणून ते टेबलं, बाकं, कपडे वाळत घालायच्या घोड्या आणि बायकांच्या चोळीत घालायच्या कामट्या तयार करत आणि शनिवारी रात्री बाजारात विकत. १८२९ मध्ये त्यांनी शाळा उघडली तेव्हा विद्यार्थी किती? तीन मुलं, आणि रात्री येणारे तीन प्रौढ गुलाम. फी दरमहा ५० सेंट. महिनाअखेर हाती तीन डॉलर. पोट भरेना, म्हणून त्यांनी शाळा सोडायचं ठरवलं. वेस्ट इंडीजला निघालेल्या एका श्रीमंत गुलाममालकाला सोबतीला स्वतंत्र काळा नोकर हवा होता, त्याच्याकडे ते गेले. पगार सांगून झाल्यावर तो मालक म्हणाला, मालक आणि गुलाम यांच्यात फरक कशाने पडतो ठाऊक आहे? फक्त जास्तीच्या ज्ञानाने.

त्याने हे आमिष म्हणून सांगितलं, प्रवासात तुझं ज्ञान वाढेल अशा अर्थाने. पेन यांनी नेमका उलटा अर्थ घेतला. एवढंच जर अंतर असेल तर ते मी इथेच बसून तोडतो, असं ठरवून ते परतले आणि शाळा पुन्हा सुरू केली. शोषण करणाऱ्याच्या तोंडून निसटलेलं खरं वाक्य उचलून त्याच्यावर आयुष्य उभं करणारी माणसं थोडी असतात.

शिकवण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. भूगोलाचं पुस्तक मिळालं, तर सगळे नकाशे हाताने काढून ते पाठ केले. प्राणिशास्त्राला शिक्षक नव्हता, म्हणून एक जिवंत मगर विकत आणली. एका विद्यार्थ्याने तिला डिवचायचं, तिने जबडा उघडला की पेन छोट्या पिस्तुलातून तिच्या घशात छर्रे झाडायचे. ती बधिर झाल्यावर तिला उताणी करून चिरली, टांगली आणि आतले अवयव हलायचे थांबेपर्यंत ते त्यांचं निरीक्षण करत राहिले. आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येईल, माझ्याही आला. पण या प्रसंगात मला एका कोंडलेल्या बुद्धीची भूकही दिसते. शहरात महाविद्यालय होतं, ग्रंथालयं होती. त्यांची दारं या माणसाला बंद होती, म्हणून तो मगरीच्या पोटात विद्या शोधत होता.

आणि हे सगळं एका कायद्याने एका दिवसात संपलं. ९ मे १८३५ रोजी पेन यांनी चार्ल्सटन सोडलं. मग गेटिसबर्गच्या लुथरन धर्मविद्यालयात शिक्षण, १८३९ मध्ये दीक्षा, फिलाडेल्फियात पुन्हा शाळा, आणि तिथेच आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये प्रवेश. गोऱ्या मेथडिस्टांच्या चर्चमध्ये होणाऱ्या अपमानाला कंटाळून काळ्या मेथडिस्टांनी काढलेलं हे चर्च. त्याच्या इमारती त्यांच्या, पैसा त्यांचा, बिशप त्यांचे.

या आपल्या घरात मात्र पेन यांना वेगळीच भिंत लागली. जुने धर्मोपदेशक व्यासपीठावरून अभिमानाने सांगत की आम्ही कॉलेजच्या भिंतीला कधी डोकं घासलेलं नाही, आणि समोरून ‘आमेन’ उठे. पेन यांनी लेखमाला लिहून मागणी केली की धर्मोपदेशकाला व्याकरण, भूगोल, इतिहास, धर्मशास्त्र आलंच पाहिजे. गदारोळ झाला. १८४४ मध्ये पिट्सबर्गच्या महासभेत त्यांनी अभ्यासक्रमाचा ठराव मांडला, तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी एब्रॅम लुईस नावाचे एक वडीलधारे उपदेशक उठले, त्यांनी असं कळकळीचं भाषण केलं की तोच ठराव एकमताने मंजूर झाला. शत्रूने घातलेल्या बंदीपेक्षा आपल्याच माणसांचा अज्ञानाचा अभिमान मोडणं जास्त अवघड असतं, आणि पेन यांनी ते काम टाळलं नाही.

आता विल्बरफोर्स. १८५६ मध्ये सिनसिनाटीच्या गोऱ्या मेथडिस्टांनी ओहायोत झीनिया गावाजवळ टावावा स्प्रिंग्जला काळ्या विद्यार्थ्यांसाठी विल्बरफोर्स नावाची संस्था काढली. जागा म्हणजे हवापालटासाठी बांधलेलं मोठं हॉटेल. तिथे शिकणारी बरीच मुलं कोण होती? दक्षिणेतल्या मळेवाल्यांना गुलाम स्त्रियांपासून झालेली त्यांची स्वतःचीच मुलं. घरच्या कायद्याने ज्यांना शिकवता येत नव्हतं, त्यांना हे बाप उत्तरेला पाठवून गुपचूप फी भरत होते. संस्थेच्या विश्वस्तांमध्ये पेनही होते, पण सूत्रं गोऱ्यांच्या हातात होती आणि पैसा मळेवाल्यांचा होता. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेतून येणारा पैसा आटला, आणि १८६२ मध्ये दारं बंद झाली. चार्ल्सटनमध्ये वैऱ्याने शाळा बंद केली होती, इथे हितचिंतकांच्या हातून बंद पडली. विद्यार्थ्याच्या दृष्टीने काय फरक पडला?

१० मार्च १८६३ रोजी मालमत्ता विकायची बोलणी चालली होती. किंमत १०,००० डॉलर. राज्य सरकारलाही जागा हवी होती आणि निर्णय त्याच रात्री पाहिजे होता. पेन यांनी चर्चच्या वतीने ‘घेतो’ म्हणून सांगितलं. त्या वेळी माझ्या हाताशी दहा डॉलरची नोटसुद्धा नव्हती, असं त्यांनी लिहून ठेवलंय. जेम्स शॉर्टर आणि जॉन मिचेल या दोघांसह त्यांनी संस्था उभी केली. पैसे जमवले ते चर्चच्या मंडळ्यांकडून, गावोगाव फिरून. यातले पुष्कळ देणारे स्वतः निरक्षर होते. दोन वर्षांत, १४ एप्रिल १८६५च्या रात्री, दक्षिणेची राजधानी रिचमंड पडल्याचा आनंद साजरा करायला लोक झीनियाला गेले असताना कोणीतरी मुख्य इमारतीला आग लावली. लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली तीच ही रात्र. पेन यांनी ती पुन्हा बांधायला घेतली आणि १८७६ पर्यंत अध्यक्षपद सांभाळलं.

दोन वेळा शाळा बंद पडली ती दुसऱ्याच्या मर्जीने. या वेळी ती जळाली, पण बंद पडली नाही. कारण पुन्हा बांधायची की नाही, हे ठरवणारे आता तेच होते. माझा मुद्दा एवढाच आहे आणि तो मी या इमारतीच्या राखेत पाय रोवून मांडतो.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. शाळेत ही अर्पणपत्रिका वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लिंकन आणि त्यांचे गोरे सैनिक उभे राहिले होते. कितीतरी वर्षं ते चित्र तसंच होतं. आज ती वाचताना मी त्यात पेन यांना आणि पंचवीस सेंटवाल्या त्या कारागिरांनाही धरतो. जोतीरावांचा रोख सोडवणाऱ्यांकडे होता, आणि पुण्यातल्या वाचकाला तेच उदाहरण दाखवण्याची गरज होती. पण सुटका करणारे आणि स्वतःला सोडवणारे, दोघांची गोष्ट एकत्र वाचल्याशिवाय ती पुरी होत नाही. अर्पणपत्रिका छापली गेली त्या वर्षी पेन विल्बरफोर्सच्या अध्यक्षपदावर होते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो हलका नाही. गरिबाने कर भरायचा, आणि वर शाळेसाठी वर्गणीही काढायची? शिकवणं हे सरकारचं काम. समाजाने आपापल्या शाळा काढल्या की सरकार हात झटकून मोकळं होतं. शिवाय वेगळी शाळा म्हणजे वेगळेपण कायम ठेवणं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, मग काळ्यांच्या वेगळ्या महाविद्यालयांची गरज काय, हा प्रश्न तिथे अजूनही विचारला जातो.

पहिल्या भागाचं उत्तर मी जोतीरावांकडूनच घेतो. १८४८ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती सरकारची वाट न बघता. आणि त्याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर सरकारला हिशोब विचारला, की रयतेच्या पैशातून वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण चालतं आणि रयतेच्या पोरांच्या प्राथमिक शाळेला काही मिळत नाही, हे कसं? स्वतःची शाळा काढणं आणि सरकारकडे हक्क मागणं यांत विरोध त्यांना दिसला नाही. ज्याने एकदा शाळा चालवून पाहिली आहे, त्याची मागणीच जास्त नेमकी असते. खडू कितीला येतो, हे त्याला माहीत असतं.

दुसरा भाग, वेगळ्या शाळा कशाला हा. सरकार सगळ्यांना देईल, हे म्हणणं बरोबरच. ते देतं का, हेही बघावं लागतं. १८८७ मध्ये ओहायो राज्याने विल्बरफोर्समध्ये सरकारी खर्चाने एक विभाग सुरू केला, त्याचं मंडळ वेगळं ठेवलं, आणि १९४७ मध्ये तो फुटून बाहेर पडला. त्यातून आजचं सेंट्रल स्टेट विद्यापीठ झालं. म्हणजे सरकारी पैशाबरोबर सरकारी किल्लीही येते. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्याच शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून कळवलं, की तुमच्याकडच्या काळ्यांच्या सरकारी भू-अनुदान (म्हणजे सरकारी जमिनीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या) विद्यापीठांना साधारण तीन दशकांत मिळून १२ अब्ज डॉलरहून जास्त पैसे कमी दिले गेले आहेत. न्यायालयाच्या निकालानंतरच्या काळातली ही गोष्ट आहे. भेदभाव कायद्यातून काढून टाकला तरी तो अंदाजपत्रकात राहू शकतो. म्हणून मला वाटतं, की ज्यांना शतकानुशतकं दाराबाहेर ठेवलं गेलं त्यांच्याकडे निदान काही दारं स्वतःची असलीच पाहिजेत. बाकीची दारं उघडी झाली तरीही.

हे सगळं मी मनापासून लिहितो आहे. म्हणूनच पेन यांच्याबद्दलची माझी मोठी तक्रारही इथे मांडायला हवी. किल्ली हातात आल्यावर त्यांनीही एक दार बंद केलं.

गुलामीत राहिलेल्या लोकांनी शेतात राबताना, रात्री झाडाखाली जमून जी भक्तिगीतं रचली, ती पेन यांना सहन होत नसत. ‘मक्याच्या शेतातली गाणी’ म्हणून ते त्यांना हिणवत. गोल रिंगण करून टाळ्या वाजवत, पाय आपटत म्हटली जाणारी प्रार्थना त्यांना रानटीपणाची वाटे. बाल्टिमोरच्या चर्चमध्ये त्यांनी वाद्यवृंद आणला, शिस्तीत गाणारा गायकवर्ग आणला. १८५० मध्ये तिथल्याच एबेनेझर चर्चने त्यांना पाद्री म्हणून घ्यायला नकार दिला. लोकांचं म्हणणं, यांच्या दिवाणखान्यात फार उंची गालिचा आहे, हे आमच्याकडे चहाला येत नाहीत आणि आम्हाला आमची गाणी म्हणू देत नाहीत. आधीच्या दोन तक्रारी मी सोडून देतो. तिसरी खरी आहे.

पेन यांच्या बाजूने बोलायचं तर, ज्यांना सारं जग रानटी म्हणतं त्यांच्यातला शिकलेला माणूस त्या एका शब्दाला फार घाबरून असतो. आपल्या आईच्या ओव्या बाहेरच्यांसमोर म्हणायला लाजणारी पहिल्या पिढीतली शिकलेली माणसं मी घरात पाहिली आहेत. त्यांच्यावर हसू येत नाही, वाईट वाटतं. पण समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे. १८७१ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क या काळ्यांच्या महाविद्यालयाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा तिथले काही विद्यार्थी गात गात दौऱ्यावर निघाले. त्यांच्या ज्या गाण्यांनी श्रोते हेलावले ती हीच, गुलामीतली भक्तिगीतं. १८७३ मध्ये राणी व्हिक्टोरियासमोर त्यांचं गाणं झालं. जमलेल्या पैशातून फिस्कची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. पेन विल्बरफोर्ससाठी पैशापैशाला महाग झालेले असताना दुसऱ्या राज्यातलं एक महाविद्यालय त्याच गाण्यांनी तरलं होतं. शाळा आपली, पण तिच्यात आपल्या लोकांचा आवाज चालत नसेल, तर ती अर्धीच आपली.

पेन २ नोव्हेंबर १८९३ रोजी गेले. पुढच्याच वर्षी विल्बरफोर्सला डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस नावाचे तरुण प्राध्यापक रुजू झाले, पुढे काळ्यांच्या हक्कांचे मोठे विचारवंत झाले ते. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ज्यांना पत्र लिहिलं तेच हे. एका सभेत अचानक जाहीर झालं की आता प्राध्यापक द्यु बॉइस प्रार्थना सांगतील. ते ‘नाही’ म्हणाले, आणि दोन वर्षांत तिथून निघाले. अभ्यासक्रमासाठी महासभेशी भांडणाऱ्या माणसाची संस्था एका नकाराने अवघडली.

तरीही पेन यांच्या हट्टाबद्दल मला आदरच वाटतो. १८८२ मध्ये, ७१ वर्षांचे असताना, फ्लोरिडात रेल्वेच्या कंडक्टरने त्यांना काळ्यांसाठीच्या वेगळ्या डब्यात जायला फर्मावलं. त्या डब्यात जाऊन मी माझ्या माणुसकीचा अपमान करणार नाही, असं सांगून ते गाडीतून उतरले आणि सामान घेऊन जॅक्सनव्हिलकडे चालत परतले. हा माणूस आपल्या लोकांना कमी लेखत होता, असं कोणी म्हटलं तर मी ते मानणार नाही.

त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. रानात भरलेल्या एका मोठ्या प्रार्थनासभेत लोक रिंगण धरून गात होते. बिशप पेन तिथे गेले आणि त्यांनी पुढाऱ्याला सांगितलं, हे बंद करा, खाली बसा, शहाण्या माणसांसारखं गा. रिंगण मोडलं, लोक मात्र खाली बसले नाहीत, फुगून निघून गेले. नंतर त्या तरुण पुढाऱ्याने बिशपांना उत्तर दिलं, रिंगण धरल्याशिवाय पापी माणसाचं मन पालटत नाही.

पेन यांना ते उत्तर पटलं नाही. पण १८८८ मध्ये आत्मचरित्र लिहिताना त्यांनी ते वाक्य त्या तरुणाच्याच शब्दांत छापलं.